मिरची हाताला कशी काय लागते?

नमस्कार मंडळी. ही माझ्या हातात आहे ती भिवापुरी मिरची. आपल्या नागपूर जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली. भिवापूर-कुहीकडं सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, बाया दिवसभर बसून हिचे देठ खुडतात. त्यातल्या कोणत्याही बाईला विचारा, संध्याकाळी हाताचं काय होतं? ती म्हणेल, आग होते जी नुसती.

आता थोडा विचार करा. हाताला चव कळते का? गुळाचा खडा तासभर मुठीत धरा. हात चिकट होईल, पण गोड काही लागणार नाही. मीठही नाही, चिंचही नाही. मग मिरचीच तेवढी हाताला कशी काय लागते?

कारण तिखट ही चव नाहीच. आपल्या ताटाच्या हिशेबानं ती चव आहे, त्यात वाद नाही. पण गोड, आंबट, खारट, कडू जिभेवरच्या स्वादकलिका ओळखतात. तिखटाची नोंद घेतात त्या वेदनेच्या नसा, आणि त्या अंगभर आहेत. हातात, ओठात, डोळ्यात. आणखी एका ठिकाणी, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

मिरचीत कॅप्सेसिन नावाचा पदार्थ असतो. बियांत तिखटपणा असतो असं सगळे सांगतात, पण तो असतो बिया जिला चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात. 1997 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हे कॅप्सेसिन नसेला नेमकं कुठं झोंबतं ते शोधून काढलं. नसेच्या टोकावर एक प्रथिन आहे, टीआरपीव्ही-1. ते म्हणजे एक बारीक दार. कॅप्सेसिन लागलं की उघडतं, नसेत विद्युत संदेश सुटतो. पण खरी गंमत पुढं आहे. तेच दार साधारण 43 अंशांच्या उष्णतेनंही उघडतं! या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं, स्पर्शाची प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत.

म्हणजे मेंदूला ना मिरची दिसते ना विस्तव. त्याला एवढंच कळतं की त्या नसेतून संदेश आला. त्याचा अर्थ तो एकच लावतो: भाजलं. म्हणून पंगतीत वांग्याचा रस्सा निवलेला असला तरी कपाळावर घाम येतो. मेंदू बिचारा अंग थंड करायला निघालेला असतो.

फक्त मिरचीचंच असं नाही. अंधारात डोळे मिटा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर अगदी हलकं बोट दाबा. नाकाच्या बाजूला उजेडाचं एक कडं दिसेल. उजेड कुठंच नाही, नुसता दाब आहे. पण डोळ्याच्या नसेतून काहीही आलं तरी मेंदू त्याला उजेडच समजतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी 19 व्या शतकातच हे मांडून ठेवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, मे महिन्यात आपल्याकडं 45 अंश असते, मग अंगभर मिरची लावल्यासारखं काहून होत नाही? कारण हवा 45 असली तरी घाम सुकत असतो तोवर कातडी त्याच्या बरीच खाली राहते. उन्हातल्या गाडीच्या टाकीला हात लावा, मग दार उघडलंच समजा.

आणि ठेच्यावर गरम चहा का सोसवत नाही, तेही यातच आहे. कॅप्सेसिन लागलेलं असलं की ते दार 43 ची वाट पाहत नाही, त्याच्या कितीतरी आधी उघडतं. एरवी सुखाचा वाटणारा चहा तोंड पोळतो. पेपरमिंटची गोळी याच्या उलट. तिच्यातलं मेंथॉल गारवा ओळखणाऱ्या प्रथिनाला चाळवतं, तोंडातलं तापमान न उतरताच गार वाटतं.

शेतातले मिठ्ठू मात्र मिरची मजेत खातात. त्यांच्याकडंही हे प्रथिन आहे, उष्णताही कळते, पण त्याची घडण थोडी निराळी, त्यावर कॅप्सेसिनचं काही चालत नाही. मिरचीच्या झाडाला तेच सोयीचं. दाताचे प्राणी बी चावून टाकतात, बरीच पाखरं ते अख्खं गिळतात आणि दूर नेऊन टाकतात.

बरं, हाताची आग झालीच तर काय करायचं? नुसतं पाणी ओतून फारसं भागत नाही, कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. तेलात विरघळतं. आधी गोडंतेल चोळा, पुसून काढा, मग साबणानं धुवा. तोंड भाजलं असेल तर दूध प्या, त्यातलं केसीन हे प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सेसिनला जिभेवरून उचलतात. आणि देठ खुडून आल्यावर, दोनदा साबण लागल्याशिवाय, लेकराच्या डोळ्यातलं काजळ पुसायला जाऊ नका.