‘ताइहो’चे अखेरचे आठ तास

7 मार्च 1944 रोजी जपानी आरमारात दाखल झालेली विमानवाहू नौका ‘ताइहो’ त्याच वर्षी 19 जूनला फिलिपाइन समुद्रात बुडाली. कोबे येथील कावासाकीच्या गोदीत जवळजवळ पावणेतीन वर्षे तिची बांधणी चालली होती, आणि प्रत्यक्ष सेवेत तिला साडेतीन महिनेही मिळाले नाहीत. फिनिक्ससारख्या एका दिव्य पक्ष्याचे नाव तिला दिलेले होते.

‘ताइहो’चे वैशिष्ट्य तिच्या डेकमध्ये होते. तोवरच्या जपानी विमानवाहू नौकांच्या डेकला चिलखत नसे, आणि वरून पडलेला बॉम्ब ते भेदून थेट हँगरमध्ये, म्हणजे डेकखालच्या विमाने ठेवण्याच्या दालनात, इंधन भरलेल्या विमानांमध्ये फुटू शकत असे. जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या आणि त्या धड्यातून ‘ताइहो’ घडली, असा समज सहज होतो. तो खरा नाही. तिची बांधणी मिडवेच्या अकरा महिने आधी, जुलै 1941 मध्येच सुरू झाली होती. म्हणजे हा धोका तिच्या आराखडाकारांनी आधीच ओळखला होता. विमाने वर-खाली नेणाऱ्या दोन लिफ्टच्या मधल्या डेकवर त्यांनी सुमारे 75 मिलिमीटर जाडीचे पोलादी चिलखत चढवले आणि 500 किलोचा बॉम्बही ते झेलेल अशी योजना केली. नौका 260 मीटर लांब होती, वेग 33 नॉट होता, आणि हँगर चारही बाजूंनी बंदिस्त होते. या बंदिस्तपणाला पुढे फार महत्त्व येणार आहे.

जून 1944 मध्ये अमेरिकी फौजा मारियाना बेटांवर उतरल्या, तेव्हा व्हाइस ॲडमिरल जिसाबुरो ओझावा नऊ विमानवाहू नौका घेऊन निघाले आणि ‘ताइहो’ त्यांची ध्वजनौका, म्हणजे ते स्वतः होते ती नौका होती. समोर अमेरिकेच्या पंधरा विमानवाहू नौका होत्या. जपानी विमानांचा पल्ला अधिक होता, त्यामुळे शत्रूच्या टप्प्याबाहेर राहून पहिला घाव घालता येईल, हा ओझावांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण त्यांचे वैमानिक नवखे होते, आणि फिलिपाइन्समधील तावी-तावी बेटाच्या नांगरवाड्यात पाणबुड्यांच्या भीतीने अडकून पडल्यामुळे त्यांचा राहिलेला सरावही झाला नव्हता.

19 जूनच्या सकाळी ‘ताइहो’वरून 42 विमाने झेपावत असताना ‘अल्बाकोर’ ही अमेरिकी पाणबुडी तिच्या वाटेवर होती. नेम धरण्याचे गणिती यंत्र ऐन वेळी बिघडल्यामुळे कमांडर जेम्स ब्लँचर्ड यांनी नजरेच्या अंदाजाने सहा टॉर्पेडो सोडले. त्यांपैकी चार भरकटले. पाचव्याचा माग नुकतेच उड्डाण केलेल्या साकिओ कोमात्सु या वैमानिकाला वरून दिसला. त्याने आपले विमान सरळ त्या टॉर्पेडोवर घातले आणि प्राण दिले. सहावा टॉर्पेडो उजव्या बाजूला, पुढच्या लिफ्टजवळ लागला. तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते.

नौका पुढच्या टोकाकडे जराशी झुकली, पण वेग फारसा कमी झाला नाही. पुढची लिफ्ट मध्येच अडकल्याने डेकमध्ये मोठा खड्डा पडला होता. खलाशांनी आपल्या भोजनकक्षातली लाकडी बाके आणि टेबले वर आणली, त्या खड्ड्यावर अंथरली, आणि उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ज्या बाकांवर बसून ते जेवत असत, त्यांवरूनच आता विमाने धावत होती, आणि त्याच बाकांखाली लिफ्टच्या विहिरीत समुद्राचे पाणी, तेल आणि फुटलेल्या टाक्यांतले विमानाचे पेट्रोल एकत्र साचत होते.

पेट्रोलची वाफ हँगरमध्ये पसरू लागली. घरात गॅस गळला की आपण आधी खिडक्या उघडतो. बंदिस्त हँगरमध्ये ती सोय नव्हती. पंखे लावले, मागची लिफ्ट खाली करून पाहिली, हातोड्यांनी जहाजाच्या गवाक्षांच्या काचा फोडल्या, तरी वाफ हटेना. शेवटी संपूर्ण जहाजाची वायुवीजन यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवण्याचा आणि शक्य तेवढे दरवाजे उघडण्याचा हुकूम सुटला. हेतू जहाज वाचवण्याचा होता. परिणाम असा झाला की तोवर सुरक्षित असलेल्या कप्प्यांतही स्फोटक वाफ शिरली. टॉर्पेडोने ‘ताइहो’ला जखमी केले होते, पण तिचा घात या हुकुमाने केला, असे मला स्पष्टपणे वाटते.

दुपारी अडीचच्या सुमारास कुठेतरी ठिणगी पडली. चिलखती डेक आतून वर उचलले गेले आणि हँगरच्या भिंती बाहेर फेकल्या गेल्या. ओझावांना जहाजाबरोबरच जायचे होते. सहकाऱ्यांनी त्यांचे मन वळवून त्यांना ‘वाकात्सुकी’ या विनाशिकेवर आणि तिथून ‘हागुरो’ या क्रूझरवर नेले. साडेचारच्या सुमारास ‘ताइहो’ बुडाली. जुनी, लढायांत तावून निघालेली ‘शोकाकू’ही ‘कव्हाला’ या पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी त्याच दुपारी गेली.

या धड्यानंतर, पुढे पूर्ण झालेल्या ‘शिनानो’ या जपानी विमानवाहू नौकेमध्ये पेट्रोलच्या टाक्यांभोवतीच्या पोकळ्या काँक्रीटने भरण्यात आल्या. टॉर्पेडो सोडताच ‘अल्बाकोर’ला खोल बुडी मारावी लागली होती, त्यामुळे तिच्यावरच्या कोणीही तो दुपारचा स्फोट पाहिला नाही. ‘ताइहो’ बुडाल्याचे अमेरिकेला कळले ते काही महिन्यांनी, एका जपानी युद्धकैद्याच्या तोंडून. आणि नोव्हेंबर 1944 मध्ये होक्काइदोजवळ सुरुंगाला लागून ‘अल्बाकोर’ही सर्व नौसैनिकांसह नाहीशी झाली.