स्वादुपिंडाचा कॅन्सर: रिपोर्ट हातात आल्यावर

२७ जानेवारी २०१९. पणजीत मांडवीवरच्या नव्या पुलाचं उद्घाटन. नाकात नळी असलेले मनोहर पर्रीकर भाषणाला उभे राहतात. तीन दिवसांनी विधानसभेत अर्थसंकल्पही मांडतात. १७ मार्चला ते गेले. आजार, स्वादुपिंडाचा कॅन्सर.

स्टीव्ह जॉब्स यांना याच अवयवाचा कॅन्सर २००३ मध्ये कळला. ते पुढे आठ वर्षं जगले. पैसा होता म्हणून? फक्त तेवढंच नाही. त्यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन जातीची होती, सहसा संथ वाढणारी. दहातल्या नऊ जणांना होतो तो अ‍ॅडेनोकार्सिनोमा, आणि तो थांबत नाही. तेव्हा बायोप्सीवरचा हा शब्द आधी वाचा, मोबाईलवरचे आकडे नंतर.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं. कावीळ झाली, वजन उतरलं, पाठ धरली की मगच शोध सुरू होतो. तोवर ऑपरेशन करता येईल असे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच उरतात. सीटी स्कॅनमध्ये सर्जन सगळ्यात बारकाईनं पाहतात ते एकच: गाठ शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना भिडली आहे का? चिकटली असेल तर आधी केमो देऊन पुन्हा स्कॅन करतात. काहींचं ऑपरेशन त्यानंतर होतं.

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असेल तर व्हिपल नावाचं ऑपरेशन. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. काही तासांचं, जोखमीचं काम. घराजवळचं रुग्णालय सोयीचं खरं, पण हे ऑपरेशन वर्षातून दोन-चारदा होतं तिथे करून घेऊ नये. नेहमी करणाऱ्या हातांत धोका कमी असतो.

ऑपरेशननंतरही बहुतेकांना केमो लागते. २०१८ च्या एका चाचणीत ऑपरेशननंतर फोल्फिरिनॉक्स (चार औषधांची एकत्र केमो) घेतलेले निम्मे रुग्ण ५४ महिन्यांहून जास्त जगले. जेमसिटाबिन या जुन्या केमोच्या औषधावर हाच आकडा ३५ होता. आजार पसरलेला असेल तर फोल्फिरिनॉक्सवर साधारण ११ महिने. ‘डॉक्टरांनी अकरा महिने दिलेत’ असं घरात बोललं जातं. तसं नसतं, निम्मे त्याआधी जातात, निम्मे त्यापुढेही असतात. शिवाय चाचणीत घेतलेले रुग्ण हिंडते-फिरते होते. अंथरुणाला खिळलेल्याला ही केमो झेपत नाही.

बीआरसीए जनुकाची तपासणीही मागून घ्या. दोष सापडला तर औषधं बदलू शकतात.

आणि दुखणं सोसत बसू नका. मॉर्फिन आहे, पोटातल्या नसांना देतात ते ब्लॉकचं इंजेक्शन आहे. कावीळ उतरवायला पित्तनलिकेत स्टेंट, अन्न पचायला जेवणाच्या घासांसोबत एन्झाइमच्या कॅप्सूल. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांची वेळ पहिल्याच महिन्यात घ्या, केमो चालू असली तरी.