उलटी वाहणारी चांदवती

श्रोतेहो, नमस्कार. मी मुलांसाठी एक कादंबरी लिहितोय. तिच्यातलं जग सगळं मनातलं. तिथं चांदवती नावाची नदी आहे. वर्षातल्या एका अमावस्येला ती उलटी वाहते, समुद्राकडून डोंगराकडे.

पहिल्या खर्ड्यात मी तिच्यात चंदेरी पाणी घातलं, बोलणारे मासे सोडले. घरी वाचून दाखवलं, तर पुतणीनं विचारलं, "काका, पूर आल्यावर तिथली माणसं जातात कुठं?" मला उत्तर देता येईना. सांगलीची पोर हेच विचारणार. पावसाळ्यात आपण भेटलो की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल. तिथं 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. तेव्हाची गाद्या-भांडी माळ्यावर चढवायची धांदल तुम्हीही विसरला नसाल.

मग मी हरिपूरला गेलो. तिथं वारणा कृष्णेला मिळते. पाणी ओसरलं होतं. काठावरच्या मळीत हात घातला, तर गाळ लोण्यासारखा बोटांतून निसटला. वरचा थर उन्हानं तडकून त्याच्या खपल्या झालेल्या. ही माती मूळची कुठली? वाईची, कऱ्हाडची, कोयनेच्या खोऱ्यातली. वरच्यांच्या डोंगरउतारावरून ती धुपून येते आणि आपली कृष्णाकाठची वांगी तिच्यावर पोसतात.

घरी आलो आणि मासे काढून टाकले. चंदेरी पाणीही गेलं. जादू एकच ठेवली, उलट वाहण्याची. बाकी चांदवती खऱ्या नदीसारखी वागते. वळणावर बाहेरचा काठ ढासळतो, आतल्या काठाला गाळ धरतो. तिथली माणसंही घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या ते एकमेकांना विचारतात.

त्या अमावस्येला मात्र घाटाला बांधलेल्या नावा अंधारात हळूहळू फिरतात, त्यांची पुढची टोकं उलट्या दिशेला होतात, दोर करकरतात. नदी खालच्या शिवारातला गाळ उचलून वर न्यायला लागते. डोंगरातली माणसं दिवट्या घेऊन काठावर उभी असतात. त्यांची माती घरी येतेय. खालची म्हणतात, आम्ही ती कसली, आमचा घाम तिच्यात आहे. दोघांचंही खरं आहे, आणि मला त्यांतल्या कुणालाच खोटं पाडायचं नाही.

सध्या मी त्याच रात्रीचं प्रकरण लिहितोय. खालच्या गावातली एक म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे. वाफ्यातली वांग्याची रोपं मुळाच्या मातीसकट उपटून ती बुट्टीत भरतेय, आणि वरच्या गावाहून आलेली एक मुलगी तिची बुट्टी धरून उभी आहे.