वेळापत्रकातली सेवा

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

कॅथलिक सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवले. माझे घर वारकऱ्यांचे आहे, आणि त्या शाळेत माझ्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे कोणी कधी वाकड्या नजरेने पाहिले नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की तेथे श्रद्धा ही सिस्टरांनी स्वतःपुरती पाळलेली गोष्ट होती, सेवा मात्र प्रत्येक मुलीला नेमून दिलेली होती. ती गणित आणि भूगोलाच्या रांगेत वेळापत्रकात लिहिलेली असे, आणि म्हणूनच पहिला उत्साह ओसरल्यावरही ती चालू राहिली.

आपल्या विदर्भाला ख्रिस्ती मिशन नवे नाही. नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, १८८७ साली झाला, अमरावतीचा १९५५ साली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अनाथ मुले सांभाळली, आणि चिखलदऱ्याजवळचे मिशनचे मरियमपूर तर आपल्यापैकी अनेकांनी मेळघाटात जाता-येता पाहिले असेल. हा इतिहास येथे बसलेल्यांना ठाऊक आहे, म्हणून मी सरळ शाळेत येते.

बोर्डिंगच्या जेवणघराबाहेर कामाच्या पाळीचा फळा होता. संडास धुणे, भाकरी थापणे, बोरिंगचे पाणी भरणे, आजारी मुलीच्या उशाशी बसणे ही कामे हजेरीच्या क्रमाने येत, आणि त्यात फी, जात किंवा वडिलांचा हुद्दा पाहिला जात नसे. धारणीकडून आलेली कोरकू आदिवासी मुलगी आणि परतवाड्याच्या व्यापाऱ्याची मुलगी एकाच बादलीला दोन बाजूंनी हात घालीत. मुख्याध्यापिका सिस्टरांचे नावही त्याच फळ्यावर येई. पहाटेच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, त्या पदर खोचून पाळीवर हजर असत; प्रार्थनेतून उठून झाडू हाती घेताना त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललेले मला कधी दिसले नाही.

कापूस फुटला की आमच्या वर्गांतले मागचे बाक रिकामे होत, हे येथे कोणाला समजावून सांगायला नको. एका वर्षी आठवीतली एक हुशार मुलगी दिवाळीनंतर परतलीच नाही. वडिलांचा पाय मोडलेला, दोन एकर कोरडवाहू, बोंडे उमललेली, आभाळ भरून आलेले, आणि गावात ज्याच्या-त्याच्या शेतात वेचणी चालू असल्यामुळे मजूर मिळेना. सिस्टरांनी घरी जाऊन चौकशी केली, पण मुलीला शाळेत पाठवा असे एका शब्दानेही म्हणाल्या नाहीत. परत आल्यावर त्यांनी फळ्यावर शनिवारच्या पाळीत 'वेचणी' असे लिहिले आणि त्यापुढे नववी-दहावीच्या मुलींची नावे घातली. माझेही नाव होते.

आम्ही कमरेला झोळ्या बांधून पऱ्हाटीत उतरलो. ज्यांच्या घरी शेती होती त्या मुली दोन्ही हातांनी वेचत पुढे निघून गेल्या आणि गावातल्या शिक्षित घरच्या मुलींची बोटे वाळक्या बोंडांनी ओरखडली. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी सगळ्यांना कापसातली पत्ती वेगळी कशी काढायची ते शिकवत होती. जेवणाचे डबे आम्ही बरोबर नेले होते, कारण अडचणीतल्या घरावर आपला भार पडू नये असा सिस्टरांचा दंडक होता. परंतु दुपारी त्या मुलीची आजी जवारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन बांधावर आली आणि जेवल्याशिवाय कोणी उठायचे नाही असे म्हणाली. सिस्टर क्षणभर थांबल्या, मग त्यांनी आपला डबा बंद करून भाकरीसाठी हात पुढे केला. आमच्यातल्या काही मुली त्या वस्तीत यापूर्वी पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. त्या दिवशी बांधावर एकच पंगत बसली. देणाऱ्याने घ्यायलाही शिकले पाहिजे, हे मला त्या पंगतीत कळले.

पुढच्या पालकसभेत एका गृहस्थांनी मुलीला कापूस वेचायला पाठवले नव्हते असे खडसावले, आणि त्यांच्या बोलण्यात कापसापेक्षा भाकरीचा राग अधिक होता. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाळीचा फळा जसाच्या तसा ठेवला. मला आज खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. हल्ली शाळाशाळांतून सेवेचे 'उपक्रम' होतात, त्यांचे छायाचित्र निघते, प्रमाणपत्र मिळते, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग झाडायला शिपाईच लागतो. मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या आणि हाती खराटा घेतलेल्या गाडगेबाबांच्या या प्रदेशात असे व्हावे याचे मला मनापासून दुःख आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून शाळेतल्या श्रद्धेविषयी थोडक्यात सांगते. आमच्याकडे कॅथलिक मुलींना धर्मशिक्षण असे आणि इतर मुलींना त्याच तासाला नीतिशिक्षण. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलीला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. सिस्टर हे केवळ कायद्याच्या धाकाने पाळीत असत असे मात्र समजू नका. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ख्रिस्ती शिक्षणाविषयीची आणि इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीची अशा दोन्ही घोषणा एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, जाहीर केल्या. धर्मस्वातंत्र्याची घोषणा त्याच वर्षी ७ डिसेंबरला आली. श्रद्धा सक्तीने येत नाही असे त्यांच्या धर्मपीठानेच म्हटले होते. राहिली बोर्डिंगमधली सायंप्रार्थना. तेथे प्रत्येक मुलीला आपापल्या देवाचे नाव मनात घेण्यासाठी शांततेची काही मिनिटे राखलेली असत, एवढेच आज सांगते.

समोर मला काही शाळांचे संस्थाचालक दिसत आहेत. त्यांना माझी विनंती आहे की येत्या सत्रापासून शनिवारचा शेवटचा तास कामाच्या पाळीसाठी ठेवावा, त्याला गुण देऊ नयेत, आणि फळ्यावर पहिले नाव मुख्याध्यापकांचे लिहावे.