गडावरचा मुक्काम

नमस्कार श्रोतेहो.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे नवं नाही. पायथ्याच्या गावात पोचेपर्यंत अंधार पडतो, पाऊस कोसळायला लागतो आणि शाळेच्या ओसरीवर पथारी पसरावी लागते. २६ ऑगस्ट १९०९ च्या रात्री जर्मनीतल्या एका मास्तरांवर हीच वेळ आली. त्यांचं नाव रिशार्ड शिरमान. आल्टेना गावातल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते पायी आखेनकडे निघाले होते. ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळानं गाठलं. एका शाळेचा वर्ग उघडून मिळाला, शेतकऱ्यानं अंथरायला पेंढा दिला, प्यायला दूध मिळालं. मुलं झोपली, मास्तर मात्र विचार करत जागे राहिले. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे चालणाऱ्या पोरांची सोय का करू नये? दिवसभराच्या चालीवर एक मुक्काम, अशी सगळ्या देशात.

कायमची जागा मिळाली ती आल्टेनाच्या गडावर, १९१२ मध्ये. जगातलं पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल ते हेच.

लेन्ने नदीच्या काठावरच्या डोंगरातला हा गड बाराव्या शतकातला, मार्क घराण्याच्या सरदारांचा. पुढे त्याची रया गेली. १७७१ मध्ये तो गावाच्या ताब्यात आला आणि मग गोरगरिबांचा आसरा, तुरुंग, दवाखाना, जी गरज पडेल ते झाला. १९०९ मध्ये मार्क प्रांत ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याला जोडला गेल्याची तीनशे वर्षं भरली. त्या निमित्तानं गड पुन्हा बांधायला घेतला. नुसती डागडुजी नव्हे, चक्क नवं बांधकाम! तेव्हा तिथल्या भिंती पाहून ‘काय हो हे मध्ययुगीन काम’ म्हणण्याआधी जरा थांबा. बरंचसं विसाव्या शतकातलं आहे.

शिरमान मास्तरांच्या त्या पहिल्या खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. जाडजूड लाकडी बाज, एकावर एक तीन, आपल्या रेल्वेच्या स्लीपर डब्यासारख्या. सगळ्यात वरची कोणाला, यावरून तिथेही भांडणं झालीच असणार.

गडावर राहायचं असेल तर हॉस्टेल आजही चालू आहे. चढायचा कंटाळा असेल, तर २०१४ पासून गावातून बोगद्यानं डोंगराच्या पोटात शिरायचं आणि लिफ्टनं थेट वर. पोरांना पायी आखेनला न्यायला निघालेल्या मास्तरांना ही लिफ्ट कितपत रुचली असती, कोण जाणे!