सालीकडची फळी आणि चौकोनी आरसा

मित्रहो, बोलायला सुरुवात करण्याआधी या टेबलावर ठेवलेल्या फळीकडे आपले लक्ष वेधतो. ही फणसाची फळी आहे. तिची एक कड करवतीने सरळ चिरलेली आहे, आणि दुसरी कड झाडाचा बुंधा जसा वळत गेला तशीच, फुगीर आणि मध्येच आत गेलेली आहे. जिथे ती आत गेली आहे तिथे कधीकाळी एक फांदी होती; ती गळाली आणि झाडाने ती जखम भरून काढली. कटाईच्या गिरणीत ओंडका चौरस करताना चारही बाजूंनी सालीकडचे असे काप निघतात. त्यांची जाडी सारखी नसते, रुंदी सारखी नसते, त्यामुळे घनफुटाच्या हिशेबात त्यांना दर नसतो आणि ते जळाऊच्या ढिगात जाऊन पडतात. गेली बावीस वर्षे मी त्या ढिगातून काप निवडून आरशांच्या चौकटी करतो आहे, आणि आज त्याच कामाविषयी बोलणार आहे.

झाडाची कड जशीच्या तशी राखण्याच्या पद्धतीला जगभर मान मिळवून देणाऱ्यांत जॉर्ज नाकाशिमा यांचे नाव फार वरचे आहे, आणि त्यांचा आपल्या देशाशी जवळचा संबंध होता. १९०५ साली अमेरिकेत जपानी आईवडिलांच्या पोटी जन्मलेले हे गृहस्थ शिक्षणाने वास्तुविशारद होते. १९३० च्या दशकात पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमातील गोलकोंद या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांसाठी उभारलेल्या छावणीत त्यांना राहावे लागले, आणि तिथेच एका जपानी सुताराच्या हाताखाली, मिळेल त्या भंगार लाकडावर, ते हत्याराचे काम खऱ्या अर्थाने शिकले. पुढे १९६४ मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन काम करून गेले. सुरुवातीच्या काळात उत्तम लाकूड परवडत नव्हते म्हणून इतरांनी नाकारलेल्या फळ्या त्यांनी घेतल्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण वाकड्या कडेचे सौंदर्य त्यांना हातात असलेल्या लाकडात सापडले होते.

आता आपल्याकडच्या लाकडांकडे वळू. फणस मला सर्वांत प्रिय आहे. ताजा चिरलेला फणस हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात राहून वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होत जातो; म्हणून चौकटीचे चारही भाग शक्यतो एकाच ओंडक्याचे घ्यावेत, नाहीतर ते वेगवेगळ्या रंगांनी पिकतात. शिवण हलके आणि शांत लाकूड आहे, फारसे हलत नाही. चिंचेचा गाभा गडद आणि बाहेरचा भाग फिकट पिवळा असल्यामुळे तिच्या कडेचे दोन रंग फार देखणे दिसतात, पण ती रंध्याला दाद देत नाही. आंबा सहज मिळतो, मात्र त्याला कीड आणि बुरशीचे निळे डाग फार लवकर लागतात. साग, आंबा, फणस, चिंच, ऐन, किंजळ ही सगळी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत आणि परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तेव्हा काप घेताना तो रीतसर आलेल्या ओंडक्याचा आहे ना, एवढे गिरणीत विचारून घ्यावे.

या कामातली पहिली अडचण लाकडाच्या शरीररचनेतच आहे. खोडाच्या मध्यभागी गाभा असतो. त्यातल्या पेशी मृत झालेल्या असतात आणि सागासारख्या झाडात तिथे कीड रोखणारी द्रव्ये साठलेली असतात. त्याच्या बाहेरचा पांढरट भाग झाडाच्या हयातीत पाणी वाहून नेत असतो, आणि त्यात पिष्ट साठलेले असते. भुंगेऱ्यांच्या ज्या अळ्या लाकूड पोखरून पिठासारखा भुसा पाडतात, त्यांचे अन्न हेच पिष्ट आहे. म्हणजे आपण ज्या कडेच्या प्रेमात पडून हा काप उचलला, ती कड म्हणजेच ओंडक्यातला सर्वांत लवकर किडणारा भाग आहे. सागाचा काप आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की सागाची कीर्ती त्याच्या गाभ्याची आहे, त्याच्या पांढऱ्या भागाची नाही.

यावर माझा उपाय जुना आणि स्वस्त आहे. बोरिक आम्ल आणि बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, एकास दीड या प्रमाणात घ्यावे. १० लिटर गरम पाण्यात २४० ग्रॅम बोरिक आम्ल आणि ३६० ग्रॅम टाकणखार विरघळवावा. काप ओला असतानाच, म्हणजे गिरणीतून आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत, साल काढून तो या पाण्यात बुडवावा किंवा ब्रशने सगळीकडून भरपूर चोळावे, आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन ते चार आठवडे सावलीत ठेवावा. लाकडात जे पाणी असते त्याच्याच वाटेने हे क्षार आत मुरतात. वाळलेल्या लाकडावर लावले तर ते वरवरच राहतात. पावसात भिजले तर हे क्षार धुऊन जातात, पण घरातल्या आरशाला तो धोका नाही. हातमोजे घालावेत आणि हे पाणी मुलांच्या व जनावरांच्या तोंडाला लागणार नाही असे ठेवावे.

साल ठेवावी की काढावी, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे, साल काढावी. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक नाजूक पातळ थर असतो. झाड जोमाने वाढत असताना तोडले तर तो थर ओलसर असतो आणि साल सहज सुटते. वाढ थांबलेल्या काळात तोडले तर ती घट्ट धरून राहते. पण घट्ट राहिलेली सालही लाकडाच्या बरोबरीने आक्रसत नाही, वर्षा-दोन वर्षांत तिचे ढलपे पडू लागतात, आणि तोवर तिच्याआड किडीला आयते घर मिळते. साल काढताना धारदार पटाशी वापरू नये. बोथट केलेली रुंद पटाशी लाकडाच्या रेषेने सरकवत न्यावी, म्हणजे खालचा गुळगुळीत, किंचित लाटांचा पृष्ठभाग न खरवडता मोकळा होतो. मग पितळी तारेचा ब्रश फिरवावा. लोखंडी तारेचा ब्रश ऐन किंवा बाभळीच्या ओलसर लाकडावर फिरवला, तर त्यातले टॅनिन, म्हणजे लाकडातले तुरट द्रव्य, लोहाच्या कणांशी मिळून काळे डाग पाडते, आणि ते डाग खोल जातात. स्क्रूही याच कारणाने पितळी घ्यावेत.

त्यानंतर वाळवणे. काप एकावर एक रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, वर वजन ठेवावे, आणि दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासावा, कारण टोकांकडून पाणी फार झपाट्याने उडते आणि तिथूनच चिरा सुरू होतात. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुन्या सुतारांचा ठोकताळा मी अजूनही पाळतो.

आता मी माझी एक चूक सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच मी शिकलो. कोकणात पावसाळ्याच्या शेवटी केलेली एक मोठी चौकट मी नागपूरला एका कुटुंबाला पाठवली होती. चारही कोपरे ४५ अंशांत कापून, सांध्यांना भरपूर फेविकॉल लावून, अगदी केस जाणार नाही असे मी ते जोडले होते. एप्रिलमध्ये त्यांनी फोटो पाठवला. चारही कोपरे आतल्या बाजूने उघडले होते, आणि एका उभ्या पट्टीला हातभर चीर गेली होती. त्यात त्यांची काहीही हयगय नव्हती, दोष पूर्णपणे माझ्या जोडणीचा होता.

लाकूड हवेशी सतत देवघेव करत असते. हवेत ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १८ टक्के पाणी स्थिरावते. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तेच प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत उतरते. कोकणातला श्रावण आणि विदर्भातला वैशाख यांच्यामध्ये जवळपास एवढेच अंतर आहे. या प्रवासात लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलते, आणि सालीकडच्या कापात ते जास्त बदलते. कारण वाढीच्या वलयांच्या दिशेने होणारे आक्रसणे हे केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या दिशेतल्या आक्रसण्याच्या साधारण दुप्पट असते. १२ सेंटिमीटर रुंदीची पट्टी या फरकात दोन ते तीन मिलिमीटर सहज कमी होते. ४५ अंशांचा काप घेतलेल्या दोन्ही पट्ट्या रुंदीत कमी झाल्या आणि लांबीत तशाच राहिल्या, तर त्यांचा कोन ४५ हून कमी होतो आणि सांधा आतून उघडतो. त्याला दुसरा मार्गच नसतो.

त्या फोटोकडे पुष्कळ दिवस पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की उत्तर याच कडेत आहे. सरळ चौकटीत दोन मिलिमीटर कमी-जास्त झाले तर ते लगेच खुपते. पण जी कड मुळातच लाटेसारखी आहे, ती दोन मिलिमीटर आत आली काय किंवा बाहेर गेली काय, डोळ्याला कळतही नाही. म्हणून मी चौकट अशी करतो की आतली, आरशाकडची सरळ कड जागची हलू नये आणि लाकडाची सगळी हालचाल बाहेरच्या नैसर्गिक कडेकडे जावी. दोन उभ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत अखंड ठेवायच्या. आडव्या पट्ट्यांना कुसू, म्हणजे टोकाला जिभेसारखा पुढे आलेला भाग, काढून ते उभ्या पट्ट्यांच्या खाचेत बसवायचे. सरस फक्त आतल्या कडेलगतच्या दोन-अडीच सेंटिमीटर भागाला लावायचा आणि तिथेच एक घट्ट लाकडी खुंटी ठोकायची. बाहेरच्या बाजूला दुसरी खुंटी हवी असेल, तर कुशातले तिचे भोक लांबट ठेवायचे आणि तिथे सरसाचा थेंबही लागू द्यायचा नाही. अशा चौकटी मी त्यानंतर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला पाठवल्या आहेत, आणि त्यांचे कोपरे मिटलेले आहेत.

कापाची कोणती बाजू पुढे ठेवायची, हेही नीट पाहावे. नैसर्गिक कड कधीच काटकोनात नसते; ती उतरती असते, त्यामुळे फळीची एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद असते. रुंद बाजू पुढे ठेवली तर उतार भिंतीकडे लपतो आणि समोरून नुसती वाकडी रेघ दिसते. अरुंद बाजू पुढे ठेवली, तर सालीखालचा तो सगळा उतार आपल्याकडे तोंड करून राहतो, आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की त्यावरच्या बारीक लाटा दिसतात. पाठ मात्र रंध्याने अगदी सपाट करावी, कारण काचेला पीळ सोसत नाही.

आरसा बसण्यासाठी आतल्या कडेला मागून खाच घ्यावी लागते. पुढे एक सेंटिमीटरचा ओठ राहील आणि आरशाच्या चारही बाजूंना तीन मिलिमीटर मोकळीक राहील, एवढी ती असावी. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी हातात चौकट घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. आरशाचा चांदीचा लेप काचेच्या मागे असतो, त्यामुळे ओठाची मागची बाजू, जी आपण कुणाला दिसणार नाही म्हणून तशीच सोडतो, ती काचेतून प्रतिबिंबात दिसते. कच्च्या लाकडाची एक पांढरट रेघ आरशाभोवती सगळीकडे उमटते आणि कशाने ते कळत नाही. ओठाच्या त्या मागच्या बाजूला गडद तपकिरी रंगाचा एक हात दिला की रेघ नाहीशी होते. मी पहिल्या तीन-चार चौकटी ती रेघ असतानाच दिल्या, याची मला अजून खंत आहे.

आरसा चिकटवू नये. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, त्यातून सुटणारे आम्ल लेपाला खाते आणि काही महिन्यांत काळे डाग उमटतात. आरसा खालच्या बाजूला रबराच्या दोन लहान तुकड्यांवर टेकवावा आणि मागून फिरत्या लाकडी अडसरांनी अडवावा. पाठीच्या प्लायवूडमध्ये आणि आरशात थोडी हवा खेळती राहिली, तर पावसाळ्यात लेप टिकतो.

पॉलिशबद्दल थोडक्यात सांगतो. उकळलेले जवसाचे तेल दोन हात आणि वर मधमाशीचे मेण, एवढे बहुतेक लाकडांना पुरते. चपडा लाखेचे पॉलिश फणसावर सुंदर दिसते, पण पाणी लागले की पांढरे पडते, म्हणून बेसिनवरच्या आरशाला ते नको. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा मोकळ्यावर पसरून वाळू द्यावीत.

शेवटी टांगणे. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो असते. म्हणजे ६० बाय ९० सेंटिमीटरचा चार मिलिमीटर आरसा ५.४ किलोचा होतो. त्यात चौकटीचे सात-आठ किलो मिळवा. एवढे वजन एका खिळ्यावर आणि सुतळीवर सोपवू नये. एक पट्टी लांबीने ४५ अंशांत तिरपी चिरावी. तिचा एक भाग, धार वर आणि भिंतीपासून दूर राहील असा, भिंतीला चार स्क्रूंनी बसवावा. दुसरा उलटा करून चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीला मागून लावावा. मग चौकट वरून अलगद सोडली की दोन्ही तिरप्या कडा एकमेकींत अडकतात. मी आणलेली चौकट मागच्या भिंतीवर याच रीतीने लावलेली आहे. व्याख्यानानंतर ती उतरवून पाठीकडून पाहायला हरकत नाही. उतरवताना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावी आणि सरळ वर उचलावी.