पट्टा किती घट्ट हवा?

श्रोतेहो, नमस्कार.

जांघेतून अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, झाल्यावर पाय न हलवता तासन्‌तास उताणं पडून राहणं ज्यांनी सोसलंय, त्यांना मनगटातून होणाऱ्या अँजिओग्राफीचं मोल सांगायला नको. पेशंट स्वतःच्या पायांनी चालतो, बसून चहा घेतो, लवकर घरी जातो. ही वाट १९८९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉ. लुसियाँ काम्पो यांनी दाखवली. पुढे काही वर्षांतच ॲमस्टरडॅमच्या डॉ. फर्डिनांड किमेनाय यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी केली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडली, आणि ती उघडी ठेवणारे जाळीदार स्टेंटही बसवले. जांघेतल्या मोठ्या धमनीतून होणारा रक्तस्राव कधीकधी जिवावर बेततो. मनगटात हा धोका खूपच कमी असतो, म्हणून शक्य तिथे मनगटच निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण या वाटेवर एक अडचण आहे. ती दुखत नाही, त्यामुळे सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. नळी घातलेली मनगटातली धमनी नंतर गुठळीने बंद होऊ शकते.

अंगठ्याच्या बाजूला जिथे नाडी बघतात, ती रेडियल धमनी. तिची आतली रुंदी साधारण अडीच मिलिमीटर, लहान चणीच्या बायकांमध्ये त्याहूनही कमी. आणि अँजिओप्लास्टीसाठी तिच्यात सरकवली जाणारी नेहमीची शीथ, म्हणजे बाहेरची नळी, तीही जवळपास तेवढ्याच जाडीची. धमनीचं आतलं अस्तर धड असतं तोवर त्याच्यावरून रक्त न गोठता वाहत राहतं. नळी सरकताना ते खरचटलं, की प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, तिथे चिकटायला लागतात. नळीने जागा अडवल्यामुळे प्रवाह आधीच मंदावलेला असतो. शेवटी नळी काढून रक्त थांबवण्यासाठी वरून दाब दिला जातो, आणि तो जास्त झाला तर प्रवाह पुरताच थांबतो. खरचटलेलं अस्तर आणि साचलेलं रक्त एकत्र आलं, की गुठळी व्हायला वेळ लागत नाही.

मग हात काळानिळा का पडत नाही? कारण करंगळीच्या बाजूने दुसरी धमनी तळहातात येते, तिचं नाव अल्नर. तळहातात या दोघींच्या फांद्या एकमेकींना मिळालेल्या असतात. एक बंद पडली तरी दुसरी सगळ्या हाताला रक्त पुरवते. बोटं उबदार राहतात, पेशंट जेवतो, सही करतो, घरी जातो. इतकंच काय, बंद धमनीवर बोट ठेवलं तरी ठोका लागू शकतो, कारण अल्नरकडून आलेलं रक्त तळहातातून उलटं फिरून तिथवर पोचतं. म्हणून नुसती नाडी लागली एवढ्यावर समाधान मानू नये. बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतात ना, ती अंगठ्याला लावायची आणि करंगळीच्या बाजूची धमनी दाबून धरायची. पडद्यावरची लाट टिकली तर रेडियल वाहते आहे. लाट गेली, सपाट रेघ आली, तर ती बंद आहे. काही क्षणांची ही तपासणी आहे, तिला वेगळा खर्च नाही, आणि तरीही ती अनेकदा राहून जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुखत नाही, तर एवढी काळजी कशाला, असं काहींना वाटेल. हृदयाच्या पेशंटला हा हात पुन्हा लागतो. वर्ष-दोन वर्षांनी परत अँजिओग्राफी करायची वेळ आली, तर ती वाट बंद झालेली असते. बायपासमध्ये हीच धमनी काढून हृदयावर जोडता येते, तीही संधी जाते.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं. पहिला उपाय हिपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनचा. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिपॅरिन न दिलेल्यांपैकी ७१ टक्के जणांची धमनी बंद झाली होती. ५००० युनिट दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण साडेचार टक्क्यांच्याही खाली होतं. आज हिपॅरिन देणं ही रीतच झाली आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

दुसरा उपाय दाबाचा, आणि इथे मला पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचंय. मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा असतो. त्याखाली रक्ताचा एखादा थेंब दिसला की नातेवाईक घाबरतात. "सिस्टर, आणखी घट्ट करा ना," असा आग्रह सुरू होतो. त्या आग्रहामागची माया मला कळते. पण पट्टा जितका घट्ट तितकं बरं, हे खरं नाही. रक्त बाहेर येऊ नये इतपतच दाब हवा, आतला प्रवाह मात्र चालू राहायला हवा. त्यासाठी सिस्टर थोडी थोडी हवा काढतात, रक्त झिरपलं की किंचित हवा परत भरतात आणि तिथेच थांबतात. २००८ च्या एका अभ्यासात, आतला प्रवाह चालू ठेवून दाब दिल्यावर २४ तासांनी धमनी बंद आढळण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त हाताखालचा अंदाज आणि थोडा वेळ. ज्या वॉर्डात एका सिस्टरकडे खूप खाटा असतात, तिथे हा वेळच मिळत नाही. पट्टा आवळून ठेवला की लक्ष द्यावं लागत नाही, म्हणून तो तसाच राहतो. रुग्णालय चालवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

पट्टा किती वाजता काढणार, हे तुम्ही विचारा. डिस्चार्जच्या आधी "रेडियल चालू आहे का, तपासलंत का?" हेही विचारा. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

तपासणीत धमनी बंद निघाली, तर तेव्हाच हालचाल करता येते. ताजी गुठळी असेल तर अल्नर धमनी तासभर दाबून धरतात. त्यामुळे रेडियलकडे रक्ताचा जोर वाढतो आणि काही जणांची धमनी पुन्हा उघडते. काहींना थोडे दिवस रक्त पातळ करणारी औषधं देतात. उशीर झाला की हे उपाय फारसे चालत नाहीत.

घरी गेल्यावर काही दिवस त्या हाताने जड बादली, सिलिंडर उचलू नका. मनगटातून रक्त आलं तर जागेवर बोटाने घट्ट दाबून धरा आणि रुग्णालय गाठा. हात गार, पांढरा किंवा निळसर पडला, बधिर झाला, किंवा मनगटापासून वर दुखू लागलं, सूज चढू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच थांबवू नका.

आणि ज्यांना किडनीचा आजार आहे, त्यांनी अँजिओग्राफीच्या आधीच डॉक्टरांना तसं सांगावं. डायलिसिसची वेळ आली तर त्यासाठी लागणारा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांची जोडणी, बहुधा मनगटातच करतात. त्यामुळे कोणत्या हातातून जायचं, की जांघेतूनच करायचं, हे हृदयाच्या आणि किडनीच्या डॉक्टरांनी आधी मिळून ठरवलेलं बरं.

नमस्कार.